आंबोलीत एकट्याने एक दिवस: पावसाळी जंगल, बेडूक, साप आणि रात्रीची चक्कर कशी जमवायची

आंबोलीला मी पहिल्यांदा गेले ते ऑगस्टमधल्या एका रविवारी, ठरवून गाडी केली होती, सहा पॉइंट बघायचे होते आणि सहाच्या सहा ठिकाणी फक्त पांढरं धुकं बघून परत आले. धबधब्यावर एवढी गर्दी की पाण्याच्या आवाजापेक्षा स्पीकरचा आवाज जास्त. जंगल म्हणून काहीच दिसलं नाही. नंतर आंबोलीतल्याच एका चहावाल्या मामांनी सांगितलं की "तुम्ही दिवसा येता आणि संध्याकाळी जाता, इथलं सगळं तर त्यानंतर बाहेर पडतं." त्यानंतर मी तीनदा गेले, तिन्ही वेळा एकटी, आणि आता माझी एक पद्धत बसलीये. ज्यांना पहिल्यांदाच आणि एकट्याने जायचंय त्यांच्यासाठी ती नीट लिहून काढतेय, कारण मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही पुन्हा करायची काही गरज नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. आंबोलीचा एक दिवस सकाळी सुरू करून संध्याकाळी संपवू नका, दुपारी १२ ला सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला संपवा. तास जास्त लागतात पण मध्ये रात्र येते, आणि आंबोलीत रात्रच महत्त्वाची आहे.

१. कधी जायचं ते आधी ठरवा, काय दिसणार ते त्यावर आहे

आंबोली सिंधुदुर्गात, सावंतवाडीच्या वर साधारण ३० किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला इथे सरळ येऊन थडकतात त्यामुळे वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांपैकी हे एक. म्हणूनच इथे असे प्राणी आहेत जे बाकी कुठे नाहीत.

जूनमध्ये पाऊस नुकताच लागला की बेडकांचा हंगाम सुरू होतो. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या मोकळ्या पठारावर, उथळ डबकी साचतात आणि त्यात आंबोली टोड अंडी घालतो. हा जेमतेम ३-४ सेंटिमीटरचा, अंगावर वाघासारखे पिवळट पट्टे असलेला, आणि जगात फक्त आंबोली आणि तिच्या आसपासच्या भागात सापडणारा. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं, आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याचा अंडी घालायचा काळ अगदी थोडा असतो, पहिल्या काही पावसांतला, त्यामुळे तोच बघायचा असेल तर जून सोडू नका. जुलै-ऑगस्टमध्ये मलबार ग्लायडिंग फ्रॉग, चापडे (झुडपातले विषारी साप), खेकडे आणि रात्री चमकणारी बुरशी. सप्टेंबरला पाऊस थोडा दम खातो आणि सड्यावर फुलं येतात, तेरडा, गेंद, सीतेची आसवं. पक्षी बघायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण मग बेडूक विसरा.

वार महत्त्वाचा. मंगळवार ते गुरुवार. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा लागतात आणि एकट्या माणसाला गर्दीत नको नको होतं. सुट्टी टाकावी लागली तरी टाका.

२. पोचायचं कसं

मुंबईहून रात्रीची कोकण रेल्वे पकडून सावंतवाडी रोडला उतरणं मला सगळ्यात सोपं वाटतं, कोकणकन्या किंवा तुतारी. इथे पहिली गडबड होते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, त्यामुळे मे महिन्यात बघून ठेवलेली वेळ जुलैत चालत नाही, तिकीट काढताना आणि निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा तपासा. दुसरी गडबड, स्टेशन गावापासून लांब आहे, एसटी स्टँडपर्यंत रिक्षा करावी लागते आणि रिक्षाचे पैसे बसायच्या आधीच बोलून घ्यायचे.

सावंतवाडी स्टँडवरून बेळगाव, आजरा, कोल्हापूरकडे जाणाऱ्या एसट्या आंबोलीवरून जातात. चौकशी खिडकीवर "आंबोलीला थांबेल ना" एवढं विचारा. पुण्याहून येणारे निपाणी, आजरा करत वरूनच येतात, त्यांना घाट चढावाच लागत नाही.

स्वतःची टू व्हीलर घेऊन एकट्याने पावसाळ्यात घाट चढायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे, नका करू. धुक्यात समोरचा ट्रक दहा फुटांवर आल्यावर दिसतो.

३. खोली, आणि एकट्या माणसाला येणारी अडचण

हे कोणी लिहीत नाही म्हणून सविस्तर लिहिते. एका लॉजवाल्याने मला फोनवर "सिंगल लेडीजला रूम देत नाही" असं सांगितलं होतं, आणि एका मित्रालाही एकटा पुरुष म्हणून हाच अनुभव आला. त्यामुळे तिथे जाऊन बघू असं करू नका. आधी फोन करा, एकटी आहे, रात्री साडेसात ते साडेदहा जंगल बघायला बाहेर असेन, परत आल्यावर गेट उघडं मिळेल का, हे तीनही एकाच फोनमध्ये स्पष्ट विचारा. होमस्टे असेल तर जास्त बरं, कारण घरात काकू असतात, त्या जेवण झाकून ठेवतात आणि तुम्ही वेळेत परत आलात की नाही याकडे कोणाचं तरी लक्ष राहतं. मी पहिल्यांदा होमस्टेच्या दारात उभी राहिले तेव्हा काकूंनी आधी विचारलं, "एकटीच इलंस?" आणि मग न विचारता गरम पाणी काढून दिलं.

खोली मुख्य रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. आत लांब जंगलात असलेल्या जागा फोटोत छान दिसतात पण स्वतःची गाडी नसेल तर अडकून पडता.

४. बॅगेत काय हवं

कागद: आधार कार्ड, त्याची एक झेरॉक्स (नेटवर्क नसलं की मोबाईलमधलं उघडत नाही), परतीचं तिकीट छापलेलं. रोख पैसे, त्यात सुटे भरपूर, कारण काही ठिकाणी वनविभागाची किंवा ग्रामपंचायतीची पावती फाडावी लागते आणि एटीएमच्या भरवशावर राहू नये.

सामान:
- गमबूट. गुडघ्याच्या जरा खाली येणारे. सावंतवाडीच्या बाजारात मिळतात. सँडल घालून रात्री फिरायचं नाही म्हणजे नाही
- डोक्याला लावायची टॉर्च आणि हातातली एक वेगळी, दोन्हीचे जादा सेल
- रेनकोट, छत्री नको. वाऱ्यात छत्री उलटी होते आणि एक हात अडकतो
- मोजे चार जोड, कोरडा टीशर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून
- जुनी वर्तमानपत्रं, ओल्या बुटात रात्रभर कोंबायला
- मीठाची पुडी, जळू लागली तर
- शिट्टी, पॉवर बँक, नेहमीची औषधं, ओआरएस

कॅमेरा असेल तर मॅक्रो लेन्स आणा, मोठी टेलिफोटो पावसाळ्यात बहुतेक बॅगेतच राहते. आणि कॅमेरा खोलीत उबेला ठेवून एकदम बाहेर काढलात की काचेवर वाफ धरते, माझी पहिली वीस मिनिटं त्यातच गेली आणि समोरचा साप निघून गेला. बाहेर पडायच्या अर्धा तास आधी बॅग व्हरांड्यात ठेवायची.

५. दुपार: हिरण्यकेशी

जेवून (तांदळाची भाकरी, उसळ, सोलकढी, कुठेही मागा) रिक्षा करा आणि हिरण्यकेशीला जा, स्टँडपासून साधारण पाच किलोमीटर. एका गुहेतून पाणी बाहेर येतं, तिथेच देवीचं आणि महादेवाचं देऊळ, आणि तिथून निघालेली नदी पूर्वेकडे वाहत पुढे घटप्रभेला आणि मग कृष्णेला मिळते. म्हणजे समुद्र पश्चिमेला एवढ्या जवळ असून हे पाणी अख्खा देश ओलांडून बंगालच्या उपसागरात जातं, मला हे दर वेळी तिथे उभं राहिलं की आठवतं.

देवळासमोरच्या कुंडात वाकून बघा. बोटाएवढे मासे दिसतील. २०२० मध्ये इथूनच एका नवीन माशाची नोंद झाली आणि त्याला नदीचंच नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. तो एवढ्याशा जागेत राहतो म्हणून २०२१ मध्ये राज्य सरकारने देवळाच्या परिसराला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. एवढ्याशा कुंडाला असा दर्जा मिळतो याचं कारण साधं आहे, इथे कोणी साबण लावून पाय धुतले किंवा निर्माल्य टाकलं तर त्या माशाला जायला दुसरी जागाच नाही. पाण्यात पाय घालू नका, बिस्किटं टाकू नका.

रिक्षावाल्याला थांबवूनच ठेवा. तिथून परत रिक्षा मिळत नाही, मी एकदा पावसात चालत आले.

संध्याकाळी चारच्या आत खोलीवर या आणि तासभर खरंच झोपा.

६. रात्र: यासाठीच आलाय

आधी सगळ्यात मोठी चूक सांगते जी एकटे येणारे करतात. टॉर्च घेऊन स्वतःच जंगलात शिरतात. तसं करू नका. आंबोली आणि शेजारच्या चौकुळ गावाच्या पट्ट्यात बिबट्या आहे, अस्वल आहे, गवे आहेत, आणि राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं बेकायदेशीर पण आहे. आंबोलीत निसर्ग अभ्यास करणारी स्थानिक मुलं आहेत जी रात्रीची चक्कर घडवतात, त्यांना आठवडाभर आधी फोन करून ठेवायचा. होमस्टेवाल्यांना विचारलं की नंबर मिळतो. एकटं असाल तर दुसऱ्या छोट्या ग्रुपमध्ये जोडून देतील, पैसे पण कमी पडतात. पण ग्रुप सहाच्या वर असेल तर मी नाही म्हणते, मागच्या माणसाला फक्त पुढच्याची पाठ दिसते.

गाईड चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं? तुम्ही फोनवर विचारा, "साप हातात घेऊन फोटो काढून देता का?" जो हो म्हणेल त्याच्याबरोबर जाऊ नका. जो चिडेल त्याच्याबरोबर जा.

निघायच्या आधी हातावर डासांचं क्रीम लावू नका. बेडूक त्वचेतून श्वास घेतो आणि पाणी पण त्वचेतूनच घेतो, क्रीम लागलेला हात ज्या पानाला, ज्या पाण्याला लागेल ते सगळं त्याच्या अंगात जातं. मला हे माहीत नव्हतं, मी हातभर क्रीम लावून गेले होते आणि गाईड दादाने मला परत पाठवून हात धुवून यायला लावलं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, बास.

आता काय बघाल ते.

पाण्याच्या टाक्या, डबकी, विहिरी यांच्या वरच्या फांद्यांवर पांढरा फेस लटकलेला दिसेल, आंघोळीच्या साबणाचा गोळा चिकटवल्यासारखा. ते मलबार ग्लायडिंग फ्रॉगचं घरटं. अंडी त्या फेसात असतात, आतल्या आत बेडूकमासे होतात आणि पाऊस फेस विरघळवतो तसे ते टपाटप खाली पाण्यात पडतात. म्हणून ती फांदी नेहमी पाण्यावरच असते. फोटोसाठी फांदी वाकवली आणि सोडताना ती दुसरीकडे गेली तर सगळी पिल्लं जमिनीवर पडून मरतात, हे लक्षात असू द्या. बेडूक स्वतः हिरवागार, तळहाताएवढा, बोटांमधले पडदे नारिंगी-लाल, आणि झाडावरून उडी मारली की ते पडदे पसरून तरंगत खाली येतो. दिवसा पानावर पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून झोपलेला असतो आणि तुम्ही शेजारून जाता तरी कळत नाही.

चापडा, म्हणजे मलबार पिट वायपर, कमरेएवढ्या उंचीच्या झुडपात मिळतो. हिरवा, पिवळा, तपकिरी, एकाच जातीत इतके रंग की दोन शेजारी बसले तर वेगळेच वाटतात. डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक खळगा असतो त्याने त्याला उष्णता कळते, म्हणजे अंधारात तुमचा हात त्याला दिसतोच. तो पळत नाही, दिवसच्या दिवस एकाच फांदीवर भक्ष्याची वाट बघत बसतो, आणि त्यामुळेच लोकांना वाटतं की तो शांत आहे, अजून जवळ जाऊया. हात लांब करूनही पोचणार नाही एवढं अंतर कायम ठेवा. आणि तोल सांभाळायला झुडूप धरायची सवय असेल तर ती आंबोलीत सोडा, मी हात खिशात घालून चालते.

जोराचा पाऊस असेल तर रस्ता ओलांडताना देवगांडूळ दिसू शकतं. गांडुळासारखं दिसतं पण तो पाय नसलेला उभयचर आहे, बेडकाचा नातेवाईक. इथल्या एका देवगांडुळाला बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) जे. सी. डॅनियल यांचं नाव दिलंय. मला चार फेऱ्यांत एकदाच दिसलं, पाच सेकंद.

आणि शेवटी गाईडला सांगून सगळ्यांच्या टॉर्च बंद करायला लावा. पूर्ण बंद, मोबाईल पण खिशात. दहा मिनिटं काहीच दिसत नाही, नुसता पाऊस आणि बेडकांचे आवाज. मग कुजलेल्या लाकडावर फिकट हिरवा उजेड दिसायला लागतो, चमकणारी बुरशी. फोटोंमध्ये ती ट्यूबलाईटसारखी दिसते, ते अर्धा-अर्धा मिनिट शटर उघडं ठेवल्यामुळे, डोळ्यांना ती तेवढी दिसत नाही. एखाद्याने मध्येच मोबाईल पेटवला तर सगळ्यांची दहा मिनिटं वाया जातात, म्हणून हे आधीच बोलून घ्यायचं.

७. सकाळ: सहाच्या आधी बाहेर

झोप कमी होईल पण उठा. साडेपाच-सहाला शीळकरी कस्तूर गायला लागतो, एखादा मुलगा निवांत शीळ घालत चाललाय असंच वाटतं. गावातल्या रस्त्यावर, वस्ती दिसत राहील एवढ्याच टप्प्यात चाला, त्यासाठी गाईड लागत नाही. राखी धनेश, पिवळ्या भुवईचा बुलबुल, नशीब असेल तर उंच झाडावर शेकरू. तारांवर आणि देवळाच्या भिंतींवर रात्रीच्या दिव्याला आलेले पतंग बसलेले असतात, ते बघायला विसरू नका, हाताएवढे असतात काही.

चौकुळच्या बाजूला सकाळी गवे चरताना दिसतात. गवा म्हणजे गाय नव्हे. कळप रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असेल तर मधून जायचं नाही, थांबायचं, अर्धा तास लागला तरी.

नंतर सडा. फुलांच्या दिवसात मोकळ्या दगडावरूनच चाला, हिरव्या गालिच्यावर पाय देऊ नका, आणि डबक्यांत तर अजिबात नको, जूनमध्ये त्यात आंबोली टोडची अंडी असतात आणि ती वरून दिसत नाहीत. ज्या जातीला राहायला एवढीच जागा आहे तिच्यासाठी एक बूट पण फार असतो.

८. पॉइंट करायचाच असेल तर एकच

कावळेसाद. दरीतून येणारा वारा इतका जोरात असतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर येतं आणि तुमच्या तोंडावर आदळतं. रेलिंगच्या पलीकडे जाऊ नका, दगड शेवाळलेला असतो आणि तिथे दर पावसाळ्यात लोक जीव धोक्यात घालतात. नऊच्या आत गेलात तर एकटे असाल. धुकं असेल तर दहा मिनिटं थांबा, वाऱ्याने फाटतं, नाही फाटलं तर परत या, जास्त वेळ घालवू नका. मुख्य धबधबा घाटातच आहे, उतरताना एसटीच्या खिडकीतून दिसतो, मला तेवढं पुरतं.

९. काही बिघडलं तर

साप चावला तर दोरी बांधणं, कापणं, मंत्र, काही नाही. हातापायाची हालचाल कमी करा, अंगठी-घड्याळ काढा आणि दवाखाना गाठा. आंबोलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय सावंतवाडीत. आपल्याकडचं सापाचं औषध नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांसाठी बनतं, चापड्यासाठी वेगळं नाही, त्यामुळे साप कसा दिसला ते डॉक्टरांना नीट सांगा पण त्याला मारून किंवा पकडून नेऊ नका.

जळू ओढून काढू नका, मीठ लावा, सुटते. रक्त थोडा वेळ येत राहतं, घाबरायचं नाही.

नेटवर्क जातं, लाईट जाते. संध्याकाळी निघायच्या आधी घरी एक मेसेज टाका की आता साडेदहापर्यंत फोन लागणार नाही. मी एकदा टाकला नव्हता आणि आईने होमस्टेवर सात फोन केले होते.

१०. परत निघताना

एसटीची वेळ आदल्या रात्रीच विचारून ठेवा, पावसात दरड आली की घाट बंद होतो आणि मग लांबून फिरून जावं लागतं, त्यामुळे दुपारची ट्रेन असेल तर तीन तास हातात ठेवा.

आणि तुम्ही कोणाच्या गाडीतून रात्री घाटात किंवा आंबोलीच्या रस्त्यावर जाणार असाल तर ड्रायव्हरला हळू चालवायला सांगा, लाजू नका. पावसाळी रात्री ओल्या डांबरावर बेडूक, खेकडे, साप येऊन बसतात आणि सकाळी मी चालायला जाते तेव्हा रस्त्यावर ते चपटे झालेले दिसतात, एका किलोमीटरमध्ये मी एकदा अकरा मोजले, त्यात दोन ग्लायडिंग फ्रॉग होते. वीसच्या स्पीडने गेलं की ते वेळेत दिसतात, बाजूला नाही झाले तर उतरून एका काडीने हलवता येतात, आदल्या रात्री मी आणि गाईड दादा तेच करत स्टँडपर्यंत आलो होतो.